नाताळचा नुसता बाजार झालाय असं वाटतं. बाजार वगळून नागपुरात घरी नाताळ कसा करायचा?

तुमचा प्रश्न असा: मुलाच्या शाळेने सांताचा ड्रेस आणायला सांगितलंय, मॉलमध्ये डिसेंबर उजाडायच्या आधीच झाड उभं राहिलंय, फोनवर सेलचे मेसेज थांबत नाहीत. मग हे सगळं वगळून नाताळ उरतो का, आणि घरी करायचा तर काय काय लागतं, खर्च किती?

उरतो. पण आधी एक गोष्ट स्पष्ट बोलते. बाजाराने नाताळ महाग केला ही तक्रार मला दुय्यम वाटते. त्याने नाताळ अलीकडे ओढला, खरं नुकसान ते आहे.

नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे. पहिला रविवार ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा. हा वाट पाहायचा काळ आहे, दर रविवारी एक मेणबत्ती वाढते. २४ डिसेंबरच्या रात्री जन्म. २५ पासून पुढे बारा दिवस सण, आणि ६ जानेवारीला प्रकटीकरण, म्हणजे ताऱ्यामागून आलेले मागी लोक, पूर्वेकडचे ज्ञानी, बाळापाशी पोचल्याचा दिवस. नागपूरला तर आगमनकाळाची वेगळी ओळख आहे. अनेक प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली ती इथेच, २९ नोव्हेंबर १९७० ला, आणि तो आगमनकाळाचा पहिला रविवार होता.

बाजाराचं पंचांग याच्या उलटं चालतं. नोव्हेंबर संपायच्या आत सगळं मांडून मोकळं: झाड, तारा, गव्हाणीत निजलेलं बाळसुद्धा. २५ च्या रात्री खेळ खलास, २६ ला नववर्षाचा सेल. वाट पाहायच्या महिन्यात सण उरकला जातो आणि सणाच्या बारा दिवसांत घराला कुलूप लावल्यासारखी शांतता. ताऱ्याचा स्वतःचा दिवस ६ जानेवारी, आणि लोक तारा २६ डिसेंबरला उतरवतात! म्हणून माझा पहिला सल्ला तारखा सरळ करण्याचा आहे. डिसेंबरचे तीन आठवडे हाताने काही घडवण्यात घालवा, २४ च्या संध्याकाळी दिवा लावा, ६ जानेवारीपर्यंत तेवत ठेवा. खर्च आपोआप कमी होतो.

घडवायचं काय, तर तारा, बांबू-कागदाचा, आत दिवा असलेला. खरं सांगायचं तर हे उत्तर लिहायला बसले ती ताऱ्यासाठीच. आमच्या चर्चच्या मंडळीच्या सजावटीच्या बैठकीत दर नोव्हेंबरला एकच वाद निघतो. रेडिमेड तारा मिळतो, घडी करून पिशवीत मावतो, मग कामट्या तासत कोण बसणार, वेळ कुणाकडे आहे? बैठकीत मापं सांगत बसता येत नाही, कुणी ऐकून घेत नाही. इथे सगळी मापं देते.

नागपुरात हे काम इतर शहरांपेक्षा सोपं आहे, त्याला कारण संक्रांत. डिसेंबरातच पतंगांचा माल येतो, त्यामुळे पतंगी कागदाचे ताव हव्या त्या रंगात मिळतात. कामट्या मात्र पतंगवाल्याकडून घेऊ नका. पतंगाची कामटी ताऱ्याला फार बारीक पडते, दोन दिवसांत वाकते. बुरडाकडे जा आणि बांबूच्या ९२ सेंटिमीटर लांबीच्या, १ सेंटिमीटर रुंद, ४ मिलिमीटर जाड अशा १२ कामट्या तासून मागा. लागतात १०, दोन मोडतील म्हणून जास्तीच्या. शिवाय १५ सेंटिमीटरचे ६ तुकडे, एक जास्तीचा, थोडे जाड. कामटी निवडताना बोटावर मधोमध तोलून पाहा. एका बाजूला झुकत असेल तर ती जाड बाजू घरी तासून घ्यावी लागेल, नाहीतर तारा वाकडा होतो. पेर, म्हणजे बांबूची गाठ, कामटीच्या टोकाशी असेल तर चालतं, अगदी मधोमध असेल तर ती कामटी परत करा, ताणाखाली तिथेच मोडते.

कामट्या आणल्या की आधी पाण्यात बुडवा. वाकवण्यापुरतं हवं असेल तर एक रात्र पुरते. पण तीन-चार दिवस बुडवून, रोज पाणी बदलून ठेवलं तर बांबूतला गोडवा कमी होतो आणि पुढे भुंगा लागण्याची भीती कमी राहते. भुंगा लागला की कामटीतून पिठासारखी पूड गळते आणि सांगाडा आतून पोकळ होतो.

आता खुणा. प्रत्येक कामटीच्या दोन्ही टोकांपासून १ सेंटिमीटर सोडून बांधायची खूण करा, म्हणजे दोन खुणांमध्ये ९० सेंटिमीटर राहतात. या ९० वर एका खुणेपासून ३४.४ आणि ५५.६ सेंटिमीटरवर आणखी दोन खुणा. पाच टोकांच्या ताऱ्यात प्रत्येक काडी दुसऱ्या दोन काड्यांना बरोबर याच ठिकाणी छेदते, काडीचे तीन भाग ३४.४, २१.२ आणि ३४.४ असे पडतात. लहान-मोठा तारा करायचा असेल तर लांबीला ०.३८२ ने गुणा, पहिली खूण मिळते. बहुतेकांचा तारा फसतो तो इथे. नजरेने मांडतात, एक टोक जाडं, एक बारीक होतं, आणि मग म्हणतात की घरी केलेला तारा घरी केलेलाच दिसतो.

पाच कामट्या जमिनीवर मांडा, मुलं पेन न उचलता तारा काढतात त्याच क्रमाने, आणि एकीखालून एकीवरून अशा गुंफा. खुणेला खूण आली पाहिजे. टोकं सुती दोऱ्याने बांधा, दोऱ्याला मेण चोळून घ्या. नायलॉनचा दोरा घसरतो. खिळा किंवा टाचणी अजिबात नको, बांबू उभा चिरतो. दुसऱ्या पाच कामट्यांचा असाच दुसरा तारा. दोन्ही एकमेकांवर ठेवून आधी पाचही टोकं घट्ट बांधा, मगच आतले पाच छेद दूर करून त्यांच्यामध्ये १५ सेंटिमीटरचे तुकडे उभे बसवा. तुकड्याच्या दोन्ही टोकांना इंग्रजी व्हीसारखी खाच पाडलेली हवी, म्हणजे तो छेदावर बसतो आणि सटकत नाही. एक तुकडा बसवला की त्याच्या शेजारचा घेऊ नका, एक सोडून पुढचा घ्या, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसं. ओळीने बसवत गेलात तर सगळा ताण शेवटच्या कामटीवर येतो आणि ती मोडते. कामट्या ओल्या असतानाच हे उरका. झालं की सांगाडा जमिनीवर ठेवून पाहा. पाचही टोकं जमिनीपासून सारख्या उंचीवर हवीत. एखादं टोक वर राहिलं तर त्याच्या जवळचा तुकडा दोन-चार मिलिमीटर लांब आहे, तासून घ्या. मग एक दिवस सावलीत वाळवा. ओल्या सांगाड्यावर कागद लावला तर बांबू सुकताना दोरे सैल पडतात आणि कागदाला सुरकुत्या येतात.

लई, म्हणजे कागद चिकटवायची खळ, घरीच करा. अर्धी वाटी मैदा आधी अर्धी वाटी गार पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, मग तीन वाट्या उकळत्या पाण्यात ओतून चार-पाच मिनिटं ढवळायचं. पांढरट रंग जाऊन काचेसारखी झाली की उतरवा. चिमूटभर तुरटी घाला, बुरशी धरत नाही. जुनी माणसं मोरचूद घालतात, झुरळं कागद खात नाहीत म्हणून. पण ते विष आहे, मुलं हाताशी असतील तर घालू नका.

कागदाचे तुकडे असे: पुढच्या-मागच्या बाजूंसाठी १० त्रिकोण, पाया २१ आणि दोन्ही बाजू ३४.५ सेंटिमीटर. कडेच्या फटींसाठी १० त्रिकोण, पाया १५ आणि बाजू ३४.५. पुढच्या मध्यासाठी २१ सेंटिमीटर बाजूचा एक पंचकोन. मागचा पंचकोन उघडा ठेवायचा, तिथून दिवा आत जातो. सगळीकडे दीड सेंटिमीटर दुमडपट्टी जास्त धरा. वीस बाय तीस इंची पाच ताव पुरतात. आधी कडेचे त्रिकोण चिकटवा, मग मागचे, पुढचे सगळ्यात शेवटी, नाहीतर आत हात जायला जागा राहत नाही. कागद ताणून लावायचा नाही. लईने ओला झालेला कागद सैल पडतो, तो सुकला की आपोआप ढोलकीसारखा ताणला जातो. आधीच ताणून लावलेला कागद नागपूरच्या कोरड्या दुपारी कडेने फाटतो, आणि लोक लईला दोष देतात. जिलेटिन कागद चमकतो म्हणून घेऊ नका. तो लईने धरत नाही आणि ताणही पेलत नाही.

दिवा ३ ते ५ वॅटचा एलईडी, पांढरा नव्हे, पिवळसर. वरच्या दोन छेदांना आडवी कामटी बांधून होल्डर तिला टांगा, बल्ब कागदाला कुठेही टेकता कामा नये. मेणबत्ती नको, जुना साठ वॅटचा बल्बही नको, दोन्हींनी कागद पेटतो. ताऱ्याचं वजन सुतळीवर असावं, वायरवर कधीच नाही. सुतळी टोकाला नुसती अडकवू नका, वरच्या दोन छेदांमधून ओवून घ्या. वायर होल्डरमध्ये शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पहाटेचं दव वायरवरून ओघळून झोलातून गळून जातं, होल्डरमध्ये जात नाही.

वेळ? एक संध्याकाळ खुणा आणि तासणं, दुसरी सांगाडा, तिसरी कागद. मिळून सहा तास. दिवा आणि वायर सोडली तर सामान मला शे-दोनशे रुपयांच्या आत पडतं. सांगाडा सांभाळला तर पाच-सहा नाताळ टिकतो, दरवर्षी फक्त कागद नवा. ज्यांना हे सहा तास जड वाटतात त्यांना मी विचारते की तारा विकत घेऊन वाचवलेले सहा तास तुम्ही डिसेंबरात कुठे घालवले? बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, पार्किंग शोधण्यात आणि बिलाच्या रांगेत. सहा तास दोन्हीकडे जातात. एकीकडे मुलाच्या हाताला लई लागलेली असते आणि २४ तारखेची वाट पाहायला त्याच्यापाशी काही तरी असतं.

गव्हाणीचं थोडक्यात सांगते. थर्माकोल नको. महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे, तरी माल दिसतोच. डोंगर करायला जुनं गोणपाट लईच्या पातळ पाण्यात बुडवून खोक्यांवर पसरा, दोन दिवसांत कडक होतं, वरून गेरू. गोठ्याला तणस, म्हणजे भाताचा पेंढा, भंडारा-गोंदियाकडून येणारं कुणीतरी आणून देतंच. हिरवळीसाठी गहू पेरा, भुजल्या म्हणजे गव्हाचे अंकुर पेरतात तसा. रात्रभर भिजवलेला गहू १३ डिसेंबरला मातीच्या पसरट भांड्यात टाकला तर २४ पर्यंत बोटभर उंच होतो. आपल्याकडे तेव्हा रात्री गारठा असतो, भांडं रात्री घरात घ्या, नाहीतर उगवण मागे पडते. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, ओतलं की गहू कुजून आंबूस वास येतो.

बाळाची मूर्ती २४ च्या रात्रीपर्यंत ठेवायची नाही, गव्हाण रिकामी दिसली पाहिजे. मागी लोक तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत ठेवा आणि २५ पासून रोज थोडे पुढे सरकवा, ६ जानेवारीला पोचतील. लहान मुलांना याच्याइतकं काहीच धरून ठेवत नाही. मागी तीनच होते असं बायबलमधला मत्तय कुठेही म्हणत नाही, भेटी तीन होत्या: सोने, ऊद आणि गंधरस. आणि मत्तयाच्या सांगण्यात ते घरात येतात. गोठ्यात गर्दी करून उभे असतात ते आपल्या सोयीने.

सांताच्या ड्रेसबद्दल. शाळेने मागितलाय तर भाड्याने आणा, मुलाला एकट्याला वेगळं पाडू नका. पण घरी त्याला संत निकोलस सांगा. चौथ्या शतकातला मायरा शहराचा बिशप, आजच्या तुर्कस्तानातला, त्याचा सण ६ डिसेंबरला येतो. हुंड्याला पैसे नाहीत म्हणून ज्यांची लग्नं अडली होती अशा तीन बहिणींच्या घरात त्याने रात्री गुपचूप सोनं टाकलं, अशी कथा आहे. ही गोष्ट मराठी मुलाला समजावून सांगावी लागत नाही. तिच्यावरून घरातला नियम करा: ६ डिसेंबरला कुणाला तरी काही द्यायचं, पण देणाऱ्याचं नाव कळू द्यायचं नाही. लाल कपड्यांचा सांता कोका-कोलाने शोधला हे मात्र खरं नाही. १९३१ च्या त्यांच्या जाहिरातींनी त्याला जगभर पोचवलं, पण लाल सांता त्याआधीच अमेरिकन मासिकांत छापला जात होता. चूक मुद्दा घेऊन बाजाराशी भांडू नये, लगेच हरतो.

खाण्याचं फार सांगत नाही, ख्रिस्ती घरांत करंज्या, चकल्या, शंकरपाळे होतातच. केकसाठी एकच आग्रह: टुटीफ्रुटी आणू नका, ती रंगवलेली कच्ची पपई असते. आंबिया बहाराची संत्री तेव्हा बाजारात असतात, त्यांची साल वापरा. पूर्ण केशरी झालेल्या सहा संत्र्यांची साल, हिरवट डाग असलेली नको, कडू होते. बारीक चिरून तीन वेळा पाच-पाच मिनिटं उकळा, दर वेळी पाणी फेकून द्या. मग सालीच्या वजनाइतकी साखर आणि अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर वीसेक मिनिटं, साल काचेसारखी दिसेपर्यंत. शेवटी आच वाढवलीत तर साखर दाणेदार होऊन सालीवर खडे बसतात. ताटात पसरून एक दिवस वाळवा.

आता काही गोष्टी मी आधीच सांगायला हव्या होत्या. फुटपाथवर लाल टोप्या आणि घंटा विकणाऱ्यावर माझा राग नाही, त्याची महिन्याची कमाई त्यात आहे. घरात आजारपण असेल, दोन्ही पाळ्यांत काम असेल, तर रेडिमेड तारा घ्या, लावा, त्यात कमीपणा नाही. काही घरांत तारा पहिल्या आगमन रविवारीच लावतात, तीही जुनीच रीत आहे, मी तिला चूक म्हणत नाही, उतरवायची घाई तेवढी चूक म्हणते. आणि आमच्यातली काही जुनी मंडळी मुळात सजावटच नको म्हणतात, त्यांच्यामागे इतिहास आहे हे मला मान्य आहे. १८४५ मध्ये नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, आणि ते चर्च नाताळ पाळतच नसे. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली सुरू झाली. ज्यांच्या नावाने इथे १८८३ पासून कॉलेज उभं आहे, त्यांच्या परंपरेत ना तारा होता ना केक. म्हणजे 'आपल्या पूर्वजांपासून असंच चालत आलंय' हे वाक्य दोन्ही बाजूंनी जपून वापरावं लागतं. तारा आपण नंतर घेतला, आणि इथल्या बांबूवर, इथल्या पतंगाच्या कागदात घेतला. दुकानातून खोक्यात आला नाही, एवढंच मी त्या बैठकीत सांगायचा प्रयत्न करते.

६ जानेवारीनंतर तारा उतरवलात की ओल्या फडक्याने लई भिजवून कागद सोलून काढा. सुकी लई राहिली तर झुरळं येतात. पाचही टोकांचे दोरे तपासा, आतले १५ सेंटिमीटरचे तुकडे काढून सुतळीने एकत्र बांधून सांगाड्यालाच अडकवा. सांगाडा आडवा टाकू नका, त्यावर काहीतरी ठेवलं जातं आणि तो वाकतो. भिंतीवर खिळ्याला टांगा, पावसाळ्यात ओल न धरणाऱ्या खोलीत. पुढच्या कागदाचे ताव संक्रांत झाली की लगेच घेऊन ठेवा. उरलेला माल तेव्हा स्वस्त मिळतो, आणि घडी न करता गुंडाळी करून ठेवला तर वर्षभर टिकतो.